समुद्रातली केबल आणि थंड पाण्याचा व्हॉल्व्ह

ईस्ट कोस्ट पार्कला संध्याकाळी फेरफटका मारताना समोर नांगर टाकून उभी असलेली जहाजं तुम्ही पाहिली असतील. मुलं ती मोजतात, आपण लक्सा खाता खाता त्यांचे दिवे बघतो. इतकी जहाजं समोर असूनही तिथे गोंधळ दिसत नाही, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. नांगर टाकायचे पट्टे वेगळे, ये-जा करायच्या वाटा वेगळ्या. आणि या सगळ्याखाली, चिखलात गाडलेल्या, बागेतल्या पाण्याच्या पाइपाएवढ्याच जाडीच्या केबल्स आहेत. त्यांच्यावरून आपला व्हॉट्सअ‍ॅप कॉल नाशिकला जातो, आणि बँकेचा व्यवहार टोकियोला. सिंगापूरमध्ये या केबल्स किनाऱ्याला लागतात ती ठिकाणं मोजकी आहेत: पश्चिमेला तुआस, पूर्वेला चांगी आणि तानाह मेराह. एपीसीएन-२ नावाची एक जुनी मोठी केबल तर आपल्या कातोंगलाच वर येते. जगभरात दरवर्षी अशा केबल्सचे दीडशे ते दोनशे बिघाड होतात आणि त्यांतले बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांमुळे आणि जहाजांच्या नांगरांमुळे होतात. म्हणून समोरची शिस्त केवळ जहाजांसाठी नाही, खालच्या केबल्ससाठीही आहे.

या मंडळातल्या निम्म्या घरांत कोणी ना कोणी 'क्लाउड'वर काम करतं. त्यांच्या कामाचे दोन मूळ प्रश्न आहेत. पहिला, कुठली वस्तू कुठे ठेवायची: कुठला प्रोग्राम कुठल्या मशीनवर, कुठलं मशीन कुठल्या इमारतीत, इमारत कुठल्या देशात. दुसरा, जे नीट चाललंय त्याला बदलासाठी हात कधी लावायचा आणि कुठल्या क्रमाने. पहिल्याला ते प्लेसमेंट म्हणतात, दुसऱ्याला चेंज शेड्युलिंग. उरलेल्या निम्म्या घरांचा या शब्दांशी संबंध एखाद्या शनिवारी दुपारी येतो, पेनाऊ चालत नाही आणि दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत उभा असतो तेव्हा.

हे दोन्ही प्रश्न संगणकाआधीपासूनचे आहेत आणि त्यांचा बराचसा इतिहास या बेटावरून आणि आपल्या मुंबईवरून गेला आहे. तो वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. दोन जागा करून ठेवायचं माणूस लवकर शिकला. त्या दोन जागांना एकाच वेळी धक्का लागू नये, हे मात्र त्याला दीडशे वर्षं शिकावं लागतंय.

सुरुवात एका चिकापासून झाली. १८४३ साली सिंगापूरमधले एक ब्रिटिश डॉक्टर, विल्यम मॉन्टगोमरी, यांनी इथल्या जंगलातल्या एका झाडाच्या चिकाचे नमुने लंडनला पाठवले. मलाय लोक त्या चिकापासून कोयत्यांच्या मुठी बनवत. गरम पाण्यात मऊ होणारा आणि थंड झाल्यावर घट्ट बसणारा तो पदार्थ म्हणजे गट्टापर्चा. खाऱ्या पाण्यात तो कुजत नाही आणि विजेला अडवतो, हे लक्षात आल्यावर तांब्याच्या तारेवर त्याचा लेप देऊन ती समुद्रात सोडता येऊ लागली. इंग्लिश खाडीतल्या १८५१च्या केबलपासून पुढची कित्येक दशकं जगातल्या समुद्री तारा याच चिकावर चालल्या. चीक काढायला झाड पाडावं लागे. युरोपला जोडणाऱ्या तारा या भागातल्या झाडांच्या जिवावर टाकल्या गेल्या. आजच्या डेटा सेंटरच्या विजेबद्दल आणि पाण्याबद्दल कोणी बोललं की मला ती झाडं आठवतात.

१८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या तेव्हाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजाने एडन आणि मुंबईदरम्यान तार टाकली. लगेच दुसऱ्या एका कंपनीने मद्रासहून पिनांगला आणि तिथून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून सिंगापूरला तार आणली; ती १८७१च्या सुरुवातीला सुरू झाली. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. सिंगापूरहून लंडनला निघालेला संदेश आधी समुद्रातून मद्रासला, मग जमिनीवरच्या तारेने दख्खन ओलांडून मुंबईला आणि तिथून पुन्हा समुद्रात. म्हणजे सिंगापूरच्या व्यापाऱ्याची लंडनशी ओळख पहिल्यांदा झाली ती मुंबईच्या तार कचेरीमार्फत. आपण इथे येण्याच्या कितीतरी आधी आपलं गाव इथे पोचलं होतं.

त्या काळी प्लेसमेंट म्हणजे एकच तार, एकच वाट. ती तुटली की जहाज जायचं, लोखंडी आकड्याने तळ खरवडून एक टोक शोधायचं, ते बोयाला बांधून दुसरं शोधायचं, मग दोन्ही जोडायची. तेवढे दिवस बाजारभाव बोटीने यायचे. बदल कधी करायचा हा प्रश्नच नव्हता, कारण तारेला हात लावायचा तो ती मेल्यावरच.

मग दुसरी तार टाकायची कल्पना आली, आणि इथे मला गोष्ट थोडी सावकाश सांगायची आहे. सिंगापूरहून जावामार्गे ऑस्ट्रेलियाला जाणारी तार १८७१ साली जावाच्या पूर्व टोकाच्या बान्यूवांगीहून डार्विनला पोचली. ती वारंवार तुटे, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींच्या सरकारांनी कंपनीला पैसे देऊन १८७९-८० मध्ये शेजारून दुसरी टाकून घेतली. कागदावर आता दोन तारा होत्या. पण दोन्ही बान्यूवांगीहूनच निघत, डार्विनलाच लागत आणि त्याच ज्वालामुखी पट्ट्यातल्या समुद्रतळावरून जात. तळ हलला की दोन्ही एकदमच तुटत, आणि अख्खा खंड जगापासून तुटे. शेवटी १८८९ साली तिसरी तार डार्विन टाळून पश्चिम ऑस्ट्रेलियात ब्रूमला नेली. तुमच्यापैकी कोणी ब्रूमच्या प्रसिद्ध केबल बीचवर उंटावर बसून फोटो काढला असेल, तर त्या किनाऱ्याचं नाव या तारेवरून पडलं आहे. अर्थात तिचंही वरचं टोक बान्यूवांगीलाच होतं.

दोन वस्तू असणं आणि दोन स्वतंत्र वस्तू असणं यांतला फरक तिथेच दिसला होता. पण तो लोकांच्या डोक्यात टिकला नाही.

सिंगापूर स्वतंत्र होत होतं त्या सुमारास इथे टेलिफोनची पहिली मोठी समुद्री केबल आली, सीकॉम. सिंगापूर-जेसलटन-हाँगकाँग हा तिचा भाग १९६५ साली सुरू झाला. जेसलटन म्हणजे आजचं कोटा किनाबालू. १९६७ पर्यंत ती गुआमवरून ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सला पोचली. नकाशावर ती वाट फार लांबची दिसते. जावावरून सरळ जाता आलं असतं, पण तेव्हा इंडोनेशियाशी 'कोन्फ्रोन्तासी' चालू होती आणि केबल राष्ट्रकुलातल्या आणि मित्रांच्या भूमीवरूनच जायला हवी होती. कुठे ठेवायचं याचं उत्तर दरवेळी गणितातून येत नाही.

त्याच काळात ईस्ट कोस्टचा किनाराच सरकला. १९६६ पासून जवळजवळ दोन दशकं बेडोक आणि सिगलॅपच्या टेकड्या कापून त्यांची माती सरकत्या पट्ट्यांवरून समुद्रात टाकली गेली आणि दीड हजार हेक्टरहून जास्त नवी जमीन तयार झाली. मरीन परेडचे ब्लॉक, ईसीपी, आपण पिकनिक करतो ते पार्क, सगळं त्या मातीवर आहे. कातोंगचे जुने बंगले एके काळी समुद्राला तोंड करून होते, हे आज तिथल्या रस्त्यावर उभं राहून खरं वाटत नाही.

या कातोंगला २००१ साली एपीसीएन-२ आली. चीन, हाँगकाँग, जपान, कोरिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि तैवान यांना जोडणारी ही केबल वर्तुळाकार होती. हेतू चांगला होता: एका ठिकाणी तुटली तर वाहतूक उलट्या दिशेने फिरवायची. २६ डिसेंबर २००६च्या रात्री तैवानच्या दक्षिण टोकाजवळ ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. समुद्रतळावरचे चिखलाचे कडे कोसळले आणि लुझॉनच्या सामुद्रधुनीतून गेलेल्या नऊ केबल्स एकामागोमाग तुटल्या. एपीसीएन-२ त्यांत होती. त्या नऊ केबल्स वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या आणि त्यांच्या मालकांनी एकमेकांना पर्याय म्हणून त्या मोजल्या होत्या, पण सामुद्रधुनी एकच होती. अकरा जहाजांना दुरुस्तीला ४९ दिवस लागले. बान्यूवांगीचीच गोष्ट, फक्त तारेच्या जागी काचेचा धागा. त्यानंतर २००९ साली सुरू झालेली एशिया-अमेरिका गेटवे केबल, जी इथे चांगीला लागते, मुद्दाम तैवानचा तो भाग टाळून दक्षिणेकडून फिलिपिन्स आणि गुआममार्गे नेली गेली.

आता समुद्रातून वर येऊन इमारतींकडे वळू. केबल जिथे किनाऱ्याला लागते तिथे डेटा सेंटरं गोळा होतात, जसा रेल्वे स्टेशनबाहेर बाजार वसतो. ताई सेंग, लोयांग, आयर राजा, जुरोंग इथल्या खिडक्या नसलेल्या इमारती तुम्ही बसमधून पाहिल्या असतील. २०१०च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉनने आशिया-पॅसिफिकमधलं आपलं पहिलं क्लाउड केंद्र सिंगापूरला उघडलं. मुंबईचं उघडलं जून २०१६ मध्ये. मधली सहा वर्षं भारतातल्या कितीतरी नव्या कंपन्यांचे सर्व्हर प्रत्यक्षात इथे होते. अंधेरीतला माणूस अंधेरीतच काहीतरी मागवायचा आणि त्याची ऑर्डर सिंगापूरला जाऊन परत यायची. मुंबई-सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. काचेच्या धाग्यात प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ४० मिलिसेकंद, आणि केबल सरळ जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. एका क्लिकला ते जाणवत नाही. पण एका पानासाठी वीस वेळा ये-जा करावी लागली की जाणवतं. पुढे एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवाणघेवाणीची माहिती भारतातच साठवा असं सांगितलं, आणि बऱ्याच गोष्टींची जागा प्रकाशाच्या वेगाऐवजी परिपत्रकाने ठरवली.

एका इमारतीच्या आत काय कुठे ठेवायचं, हा आणखी वेगळा खेळ आहे. तो तुम्हाला चांगला येतो, कारण भारतातून परतताना तुम्ही तोच खेळता. वजनाची मर्यादा तीस किलो. एका बॅगेत भाजणी, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या आणि प्रेशर कुकर. दुसऱ्यात पुस्तकं आणि साड्या. कमीत कमी बॅगांत सगळं बसवायचं, पण सगळी लोणची एकाच बॅगेत ठेवायची नाहीत, कारण ती हरवली तर वर्षभर वरणभातावर काढायला लागेल. हजारो मशीन आणि लाखो प्रोग्राम असले की हेच कोडं इतकं वाढतं की त्याचं नेमकं सर्वोत्तम उत्तर काढत बसणं संगणकालाही परवडत नाही. 'बरंच चांगलं' उत्तर पटकन काढावं लागतं. गूगलने २०१५ साली आपल्या 'बोर्ग' नावाच्या व्यवस्थेचं वर्णन प्रसिद्ध केलं. ती वर्षानुवर्षं हेच काम करत होती. आज सगळीकडे वापरली जाणारी कुबरनेटीस ही तिचीच धाकटी वंशज.

बॅगेची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. बॅग एकदा भरली की भरली. क्लाउडमधलं प्रत्येक मशीन मात्र अधूनमधून रिकामं करून दुरुस्त करावं लागतं, त्यावरचं सॉफ्टवेअर बदलावं लागतं. त्यासाठी त्यावरचं काम तेवढा वेळ दुसरीकडे हलवायचं, आणि हलवायला जागा हवी. म्हणजे सगळं ठासून भरलं तर खर्च वाचतो, पण बदल करायची सोय संपते. प्लेसमेंट आणि शेड्युलिंग हे दोन प्रश्न इथे एकमेकांत अडकतात. मोकळी ठेवलेली जागा हिशेबनिसाला वाया गेलेली दिसते आणि रात्री दोन वाजता काम करणाऱ्याला तीच आधार वाटते.

सिंगापूरमध्ये अशी मोकळी जागा महाग. २०२० मध्ये देशाच्या एकूण विजेतली सुमारे ७ टक्के डेटा सेंटरांनी वापरली. २०१९ ते जानेवारी २०२२ या काळात सरकारने नव्या डेटा सेंटरांना परवानगी देणंच थांबवलं होतं. नंतर दार किलकिलं झालं तेव्हा, २०२३ मध्ये, चार निवडक प्रस्तावांना मिळून फक्त ८० मेगावॉट मिळाले. उरलेली गर्दी जोहोर आणि बाताममध्ये सांडली. त्याच वर्षी उष्ण कटिबंधासाठी एक नवं मानक आलं: डेटा सेंटरच्या खोल्या २६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानावर चालवायला हळूहळू शिका. यातून वीज वाचते हे निर्विवाद. पण खोली आधीच उबदार असेल तर एसी बंद पडल्यावर हाताशी मिनिटं कमी राहतात. हा हिशेबही कोणीतरी करत असेल, अशी माझी अपेक्षा आहे.

बदल करताना काय होतं, याचा पहिला मोठा धडा या शहराला ९ ऑक्टोबर २०१३ रोजी मिळाला. बुकित पांजांगच्या सिंगटेल एक्स्चेंजमध्ये देखभालीच्या कामात ब्लोटॉर्च वापरला गेला आणि केबल्सच्या दालनात आग लागली. उत्तरेकडचे आणि पश्चिमेकडचे लाखो ग्राहक, बँकांसकट, बंद पडले. नियामकाने साठ लाख डॉलरचा दंड केला. यंत्रं तोपर्यंत ठीक होती. ती बंद पडली ती माणसं त्यांना सांभाळायला गेली म्हणून.

२ जून २०१९ची घटना अधिक बोधक आहे, कारण तिच्यात कुठे आग नाही, पाणी नाही. गूगलच्या जाळ्यातली वाहतूक कुठून कुठे जावी हे ठरवणारे प्रोग्राम अमेरिकेत अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे चालत. एक पडलं तर दुसरं होतं, प्लेसमेंट अगदी पुस्तकी. पण देखभालीच्या वेळी ही मशीन रिकामी करणारं स्वयंचलित सॉफ्टवेअर एकच होतं. एका भागातल्या थोड्या मशीनसाठी असलेला बदल चुकून अनेक भागांना लागू झाला आणि त्या सॉफ्टवेअरने वेगवेगळ्या शहरांतले ते नियंत्रक प्रोग्राम एकदमच थांबवले. जाळं काही मिनिटं जुन्या आठवणीवर चाललं, मग आक्रसलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून (हाही ईस्ट कोस्टच!) मध्यापर्यंत चार तासांहून जास्त वेळ यूट्यूब, जीमेल आणि गूगलवर चालणारी इतरांची दुकानं अडखळत राहिली. त्यात भर म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांची साधनंही त्याच तुंबलेल्या जाळ्यावरून जात होती.

मुंबईचं उदाहरण याहून घरगुती आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंज सकाळी ११.४० वाजता थांबलं आणि दुपारी पावणेचारला परत सुरू झालं. बाजार त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. एक्स्चेंजने दोन वेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन घेतल्या होत्या. दोन्ही अस्थिर झाल्या, आणि कारण निघालं रस्त्याकडेचं खोदकाम आणि बांधकाम. कंपन्या दोन, खड्डे मुंबईचे. ज्यांनी मेट्रोच्या काळात अंधेरी-कुर्ला रस्त्यावर दिवस काढलेत त्यांना यावर भाष्य नको.

आणि आता तो व्हॉल्व्ह. १४ ऑक्टोबर २०२३, शनिवार. एका डेटा सेंटरमध्ये थंड पाण्याच्या यंत्रणेत सुधारणा करण्याचं काम चालू होतं. काम अचानक निघालेलं नव्हतं. ठरवून, तारीख लावून चाललेलं होतं. कंत्राटदाराच्या माणसाकडून चुकीचा सिग्नल गेला आणि थंड पाण्याच्या राखीव टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद झाले. टाक्यांत पाणी होतं, पण ते पुढे जाईना. सर्व्हरच्या दालनांचं तापमान चढू लागलं आणि डीबीएस आणि सिटीबँक या दोन बँकांची मशीन थांबवावी लागली. दोन्ही बँकांनी नियमाप्रमाणे दुसरं केंद्र ठेवलं होतं आणि दोघींनी ते चालू करायचा प्रयत्नही केला. डीबीएसच्या पर्यायी केंद्रात नेटवर्कची मांडणी चुकीची निघाली, सिटीच्या केंद्रात जोडणीची अडचण आली. दुपारी तीनच्या सुमारास सुरू झालेला प्रकार पहाटे पावणेपाचला संपला. संसदेत नंतर दिलेल्या उत्तरानुसार अंदाजे २५ लाख व्यवहार अडले आणि डिजिटल बँकिंगमध्ये शिरण्याचे ८,१०,००० पर्यंत प्रयत्न फसले.

शनिवारची दुपार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. हॉकर सेंटरात ताट हातात आणि पैसे देता येत नाहीत. नोटा बाळगायची सवय याच बँकांनी आपल्याला सोडायला लावली होती.

या प्रकरणात मला शिक्षा लक्षणीय वाटते. त्या वर्षी डीबीएसच्या सेवा आधीही कोलमडल्या होत्या. मॉनेटरी ऑथॉरिटीने १ नोव्हेंबर २०२३ पासून सहा महिने डीबीएसला अत्यावश्यक नसलेले सगळे आयटी बदल थांबवायला सांगितले. नवे व्यवसाय घ्यायचे नाहीत, शाखा आणि एटीएम कमी करायचे नाहीत. बँकेनेही आपल्या मुख्याधिकाऱ्यांच्या त्या वर्षीच्या बदलत्या वेतनात ३० टक्के कपात केली. दंड पैशात झाला असता तर एका तिमाहीच्या नफ्यात विरून गेला असता. नियामकाने काढून घेतला तो बदल करण्याचा हक्क. एका नियामकाने वेळापत्रकालाच शिक्षा केल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. आणि ती शिक्षा योग्य होती, असं मला वाटतं. एक शंका मात्र राहते. सहा महिने न केलेले बदल कुठे जातात? ते रांगेत साठतात, आणि फाटक उघडल्यावर एकदम बाहेर यायला बघतात. अशा रांगेला पुन्हा क्रम लावणं हे ती रोखण्याइतकंच जोखमीचं काम आहे.

पुढच्या वर्षी, १० सप्टेंबर २०२४ला, ईस्ट कोस्टच्या पलीकडे लोयांगमध्ये एका डेटा सेंटरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. अलीबाबा क्लाउडचे सिंगापूरमधले तीन विभाग आहेत, त्यांतला एक त्या इमारतीत होता. इथे प्लेसमेंटने आपलं काम केलं: ज्यांनी आपला पसारा तीन विभागांत वाटला होता ते लंगडत का होईना चालत राहिले, आणि ज्यांनी खर्च वाचवायला एकाच विभागात मांडला होता ते आग विझून, पाणी ओसरून, इमारतीत शिरायची परवानगी मिळेपर्यंत थांबले. आग विझल्यावरही मशीन सुकवण्यात आणि डेटा परत मिळवण्यात दिवस गेले.

म्हणून आज मोठ्या क्लाउड कंपन्या बदलाचं वेळापत्रक कसं लावतात ते पाहिलं, तर त्यात हाच सगळा इतिहास दिसतो. नवा बदल आधी मूठभर मशीनवर, मग एका विभागात, मग थांबून बघायचं, मग दुसऱ्या विभागात. दोन विभागांना एका दिवशी हात नाही. एकाच कामाच्या दोन प्रती असतील तर त्या एकाच वेळी रिकाम्या होणार नाहीत, हे प्रोग्रामलाच बजावून ठेवायचं. मशीन रिकामी करणारी यंत्रणा स्वतःही भागाभागांत तोडायची. आणि सणासुदीला, वर्षअखेरीला 'चेंज फ्रीझ': काही दिवस कोणी कशालाच हात लावायचा नाही. तुमच्या घरातला इंजिनिअर डिसेंबरअखेर निवांत असतो तो याचमुळे. दिवाळीत मात्र तो तितका निवांत नसतो, कारण सिंगापूरची सुट्टी एकच दिवसाची आणि जागतिक कंपन्यांच्या कॅलेंडरवर लक्ष्मीपूजन फारसं ठळक नसतं. मुंबईत त्या दिवशी शेअर बाजार मुहूर्ताच्या सौद्यांसाठी तासाभरासाठी उघडतो. त्या एका तासासाठी अनेक दालालपेढ्यांमध्ये सर्व्हरला हात लावायला बंदी असते, आणि तो तास कधी ठरतो, तर पंचांग पाहून.

ईस्ट कोस्टच्या समुद्राचं पुढचं वेळापत्रकही ठरू लागलं आहे. वाढत्या समुद्रपातळीपासून किनारा वाचवण्यासाठी समोरच सुमारे ८०० हेक्टरची नवी जमीन, 'लाँग आयलंड', उभारण्याचा विचार नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने मांडला. नुसत्या तांत्रिक अभ्यासाला पाच वर्षं, काम कित्येक दशकांचं. त्याच २०२३च्या जूनमध्ये दुसऱ्या एका आराखड्यात सिंगापूरला लागणाऱ्या समुद्री केबल्सची संख्या दहा वर्षांत दुप्पट करायचं ठरलं होतं. समुद्री केबल पंचवीस वर्षांचं आयुष्य धरून बांधतात. म्हणजे येत्या काही वर्षांत पूर्वेच्या किनाऱ्याला जी केबल लागेल, तिच्या हयातीतच समोर माती पडायला लागण्याची शक्यता आहे. त्या वेळी कुठली केबल कधी बंद ठेवायची, कुठली वाहतूक तोवर तुआसकडे वळवायची आणि तुआसच्या कुठल्या केबलची दुरुस्ती त्या आठवड्यात पुढे ढकलायची, हे कोणाला तरी एका मोठ्या तक्त्यावर मांडावं लागेल.